कमर्शियल आणि सीएफआयसाठी विमान कुठलं घ्यायचं? आधी लॉगबुक उघडा, फोटो नंतर बघू

"दादा, हे घेऊ का?" आणि खाली चकचकीत सायरस विमानाचा फोटो. असा मेसेज महिन्या-दोन महिन्यांतून एखादा येतोच. मुलगा किंवा मुलगी नाशिकची, कोल्हापूरची, कधी पुण्याची, अमेरिकेत येऊन प्रायव्हेट पायलट लायसन्स झालेलं असतं, इन्स्ट्रुमेंट रेटिंग (ढगांतून फक्त उपकरणांवर उडवायची परवानगी) झालेलं असतं, आता कमर्शियल (पैसे घेऊन उडवायचं लायसन्स) करायचं आणि मग जमलं तर सीएफआय म्हणजे फ्लाइट इन्स्ट्रक्टर, आणि शाळेने चार विमानांचं रेटकार्ड हातात दिलेलं असतं. मी उलट विचारतो, तुझे आज एकूण तास किती, पीआयसी (विमानाची जबाबदारी तुझ्यावर असलेले) किती, आणि त्यातले क्रॉस कंट्री (दुसऱ्या विमानतळापर्यंत लांब उडालेले) किती? इथेच घोडं पेंड खातं. बहुतेकांना एकूण आकडा तोंडपाठ असतो, बाकी "बघून सांगतो".

मी ॲरिझोनात शिकवतो, त्यामुळे खालचं सगळं एफएए या अमेरिकेतल्या विमान नियामकाच्या नियमांवर आहे, भारतात लायसन्स कन्व्हर्ट करणाऱ्यांसाठी जिथे फरक पडतो तिथे सांगितलंय. बारामती, गोंदिया, धुळे, जळगाव अशा ठिकाणी शिकणाऱ्यांना विमान निवडायला मिळत नाही, शाळा देईल ते उडवायचं, पण वजनाचा आणि मेंटेनन्सचा भाग त्यांनीही वाचायला हरकत नाही.

पहिलं काम, कागद-पेन घ्या

पार्ट ६१ मधून (म्हणजे ठरलेल्या मंजूर कोर्सशिवाय शिकून) कमर्शियलला २५० तास लागतात, मंजूर पार्ट १४१ कोर्समधून १९०. पार्ट ६१ वाल्यांनी लक्षात ठेवायचे आकडे म्हणजे १०० तास पीआयसी, ५० तास पीआयसी क्रॉस कंट्री, आणि इन्स्ट्रक्टरबरोबरचं २० तासांचं ट्रेनिंग, ज्यातले १० तास कॉम्प्लेक्स, टर्बाइन किंवा टेक्निकली अ‍ॅडव्हान्स्ड म्हणजे टीएए विमानात हवेत. आता हिशोब बघा. तुमचे आज १५० तास आहेत असं धरलं तर उरले १००, आणि त्या १०० मध्ये महागडं विमान *लागतं* फक्त १० तासांना. उरलेले ९० तास तुम्ही सेसना १५२ मध्ये उडवा नाहीतर १९७० च्या दशकातल्या रंग उडालेल्या चेरोकीमध्ये, एफएएला काही फरक पडत नाही.

आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या गावचे वेगळे असतील, पण समजा १५२ तासाला १३० डॉलर आणि काचेच्या स्क्रीनवालं १७२ तासाला १९० डॉलर. ९० तासांत फरक झाला ५,४०० डॉलर. एवढ्यात सीएफआयच्या तयारीचा मोठा भाग निघतो. म्हणून माझं पहिल्यापासून एकच म्हणणं आहे, "एक विमान" शोधूच नका, कुठले तास कुठल्या विमानात करायचे ते ठरवा, एका विमानात सगळं बसवायला गेलं की नाकापेक्षा मोती जड होतो.

लांबच्या क्रॉस कंट्रीचं इथेच सांगून टाकतो कारण नंतर रडणारे मी पाहिलेत. एफएएला एकूण ३०० नॉटिकल मैल, तीन ठिकाणी लँडिंग, आणि एक ठिकाण निघालेल्या जागेपासून सरळ रेषेत किमान २५० मैल लांब पाहिजे. डीजीसीएलाही (भारतातला विमान नियामक) ३०० मैलांचं हवंय पण त्यात दोन वेगळ्या एअरोड्रोमवर फुल स्टॉप लँडिंग. म्हणजे टच अँड गो (टेकून न थांबता लगेच उडणं) करून पुढे सटकू नका, दोन्हीकडे थांबा, रिमार्क्समध्ये फुल स्टॉप लिहा, इंधनाची पावती ठेवा. एकाच फ्लाइटमध्ये दोन्ही देशांचं काम होतं. यासाठी विमान कसं हवं तर टाकी मोठी आणि सीट बरी, बस्स.

ते १० तास: कॉम्प्लेक्स की टीएए

पूर्वी हे १० तास कॉम्प्लेक्समध्येच करावे लागायचे. कॉम्प्लेक्स म्हणजे आत जाणारी चाकं, फ्लॅप्स आणि पिच बदलता येणारा प्रोपेलर, म्हणजे प्रत्यक्षात पायपर ॲरो नाहीतर सेसना १७२ आरजी. ही विमानं म्हातारी झाली, सुटे भाग महाग, शाळांना परवडेनात. मग २०१८ साली दोन गोष्टी झाल्या. एप्रिलमध्ये एफएएने कमर्शियल आणि सीएफआयच्या चेकराइडला (विमान उडवून द्यायच्या परीक्षेला) कॉम्प्लेक्स विमान आणायची सक्ती काढली, आणि ऑगस्टपासून ट्रेनिंगच्या १० तासांना टीएएसुद्धा चालायला लागलं.

टीएए कशाला म्हणायचं हे नियमात स्पष्ट आहे. एक इलेक्ट्रॉनिक पीएफडी (वेग, उंची दाखवणारी मुख्य स्क्रीन), एक एमएफडी (दुसरी स्क्रीन) ज्यावर जीपीएसचा हलता नकाशा आणि त्यात आपलं विमान दिसतंय, आणि टू-ॲक्सिस (वळण आणि चढ-उतार दोन्ही सांभाळणारा) ऑटोपायलट जो नेव्हिगेशनशी जोडलेला आहे. गोची या तिसऱ्या अटीत. बरीच जी१००० (स्क्रीनवाल्या पॅनेलचं नाव) वाली १७२ यात बसतात, पण जुन्या स्टीम गेजच्या (गोल काट्यांच्या) विमानात दोन छोट्या स्क्रीन बसवून शाळा "टीएए" म्हणून भाडं लावते आणि आत ऑटोपायलट फक्त पंख सरळ ठेवणारा, सिंगल ॲक्सिसचा. केएपी १४० नावाचा ऑटोपायलटसुद्धा सिंगल आणि टू दोन्ही प्रकारात येतो, त्यामुळे नाव बघून समाधान मानू नका, फ्लाइट मॅन्युअलमधलं सप्लिमेंट उघडून बघा. आणि ऑटोपायलटवर "इनऑप" (बंद) चा स्टिकर असेल तर त्या दिवशीचे तास टीएए म्हणून लॉग करू नका, चेकराइडला तो वाद तुमच्या अंगावर येईल.

मग ॲरो अजिबात नको का? असं मी म्हणणार नाही. सीएफआय झाल्यावर एखाद्याने "मला कॉम्प्लेक्स शिकवा" म्हटलं तर तुमच्याकडे स्वतःचं कॉम्प्लेक्सचं एंडॉर्समेंट (लॉगबुकातली इन्स्ट्रक्टरची सही) पाहिजे, आणि चाकं खाली घ्यायची सवय एकदा हाडात मुरलेली बरी. चार-पाच तास करा, एंडॉर्समेंट घ्या. फक्त एक गैरसमज काढून टाका, ॲरोचं इंजिन २०० हॉर्सपॉवरचं आहे आणि हाय परफॉर्मन्सचं एंडॉर्समेंट २०० *पेक्षा जास्त* ला लागतं, त्यामुळे ॲरोवर ते मिळत नाही. त्याला सेसना १८२ वगैरे.

ॲरो भाड्याने घेणार असाल तर पंखांबद्दल विचारा. ४ एप्रिल २०१८ ला फ्लोरिडात डेटोना बीचला ट्रेनिंगच्या ॲरोचा डावा पंख टच अँड गो नंतर तुटला, विद्यार्थी आणि परीक्षक दोघंही गेले, स्पारमध्ये (पंखातल्या मुख्य तुळईत) फटिग क्रॅक सापडला. त्यानंतर पीए-२८ (ॲरो यातलीच) आणि पीए-३२ च्या काही मॉडेल्ससाठी २०२१ पासून एअरवर्दीनेस डायरेक्टिव्ह (सक्तीचा सुरक्षा आदेश) लागू झाली, मेन स्पारच्या खालच्या बोल्टच्या भोकांची एडी करंट तपासणी. आपलं मॉडेल, आपले तास त्यात बसतात का आणि बसत असतील तर तपासणी कधी झाली, हे विचारणं तुमचा हक्क आहे. डेस्कवरच्या माणसाला माहीत नसेल तर मेकॅनिककडे जा, आणि मेकॅनिक चिडला तर दुसरी शाळा.

वजन, म्हणजे सगळ्यात अवघड जागेचं दुखणं

१५२ स्वस्त आहे हे खरं, पण ते दोन बारीक माणसांसाठी बनवलंय की काय असं वाटतं. कमाल वजन १,६७० पौंड. रिकामं वजन प्रत्येक विमानाचं वेगळं, समजा १,१५०. राहिले ५२०. तुम्ही ८२ किलो म्हणजे १८१ पौंड, इन्स्ट्रक्टर १०० किलो म्हणजे २२० पौंड, बॅग हेडसेट मिळून १० पौंड. झाले ४११. उरले १०९ पौंड, सहा पौंडाला गॅलन धरला तर १८ गॅलन. तासाला सहा गॅलन जातात, म्हणजे तीन तास, त्यातून रिझर्व्ह काढा. मॅन्युव्हर्सच्या दीड तासाच्या धड्याला पुरतंय. पण इन्स्ट्रक्टर १२० किलोचा निघाला तर साडेदहा गॅलन उरतात आणि मग धडा पंपाच्या आजूबाजूलाच. विमानाचं स्वतःचं वेट अँड बॅलन्सचं पान मागा, इंटरनेटवरचं कुठल्यातरी दुसऱ्या १५२ चं नको.

वर उन्हाळा. फिनिक्सचं डिअर व्हॅली विमानतळ समुद्रसपाटीपासून जवळपास १,५०० फुटांवर आहे. चाळीस डिग्रीला तिथली डेन्सिटी अल्टिट्यूड ४,८०० फुटांच्या आसपास जाते, म्हणजे विमानाला वाटतं आपण महाबळेश्वरच्याही वरून टेकऑफ करतोय. ११० हॉर्सपॉवरचं १५२ या हवेत शँडेलला (चढत्या वळणाच्या सरावाला) जातं तेव्हा १८० डिग्रीचं वळण पुरं होतं, उंची मात्र अगदी नाइलाज म्हणून दिल्यासारखी देतं. फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात हेच विमान छान चालतं. त्यामुळे "१५२ मध्ये कमर्शियल होतं का" याचं उत्तर गाव आणि महिना विचारल्याशिवाय देता येत नाही. माझ्याकडे मे ते सप्टेंबर मी १८० हॉर्सपॉवरचं १७२ एस सुचवतो आणि पहाटे साडेपाचला यायला सांगतो.

बाकी मॅन्युव्हर्सचं म्हणाल तर लेझी एट आणि स्टीप टर्न कुठल्याही विमानात होतात. एट्स ऑन पायलॉन्सला (जमिनीवरच्या दोन खुणांभोवती आठचा आकडा) वेग कमी असलेला बरा, कारण पिव्हटल अल्टिट्यूड (ज्या उंचीवर पंखाचं टोक खुणेवर स्थिर दिसतं) म्हणजे नॉटमधल्या ग्राउंडस्पीडचा वर्ग भागिले ११.३. ९५ नॉटला ८०० फूट येतात, ११० नॉटला १,०७०. खरी परीक्षा आहे पॉवर-ऑफ वन-एटीची. इंजिन आयडल, रनवेच्या समांतर, तिथून वळून ठरवलेल्या खुणेवर किंवा तिच्यापुढे २०० फुटांच्या आत टेकायचं, आधी टेकलात तर संपलं. महागडी इन्स्ट्रुमेंट्स इथे काही कामाची नाहीत, विमान किती घसरतं ते हाताला माहीत पाहिजे. ॲरो चाकं खाली काढून प्रोप पुढे असताना दगडासारखी पडते, १७२ तरंगत राहतं, ४० डिग्री फ्लॅपवालं जुनं १७२ एन पुन्हा तिसरंच. म्हणून चेकराइडच्या आधीचे शेवटचे १५ तास तरी *एकाच* टेल नंबरवर (म्हणजे त्याच एका विमानावर) काढा. महिनाभर १७२ एस आणि शेवटच्या आठवड्यात "ते बिझी आहे, हे घे" म्हणून दिलेलं १७२ पी, हा सरळ नापास व्हायचा रस्ता आहे.

स्पिन

सीएफआयसाठी स्पिनचं (विमान गरगर फिरत खाली येणं) एंडॉर्समेंट लागतं, प्रत्यक्ष स्पिनमध्ये जाऊन बाहेर यायचं, आणि तेही ज्याला स्पिनची परवानगी आहे अशाच विमानात. इथे अर्धी शाळा बाद होते. वॉरियर, आर्चर, डायमंड डीए४०, सायरस यांच्यात मुद्दाम स्पिन करायला बंदी आहे. राहिलं १५२ आणि १७२.

१७२ मध्ये स्पिनला युटिलिटी कॅटेगरीत (कमी वजनाच्या मर्यादेत) बसावं लागतं आणि इथे पोरं फसतात. १७२ एस ची युटिलिटी मर्यादा २,२०० पौंड, मागची सीट रिकामी. रिकामं विमान १,६८० धरा, दोघं मिळून ४००, उरले १२० पौंड म्हणजे २० गॅलन. टाक्या फुल म्हणजे वापरता येणारे ५३ गॅलन, ३१८ पौंड. आदल्या माणसाने चांगुलपणाने टाक्या भरून ठेवल्या असतील तर तुम्ही जवळपास २०० पौंडांनी बाहेर. त्यामुळे आदल्या रात्रीच "टॉप ऑफ करू नका" अशी चिठ्ठी डिस्पॅचला द्या. शिवाय १७२ स्पिनमध्ये टिकत नाही, एखाद-दीड फेरीत स्वतःच स्पायरलमध्ये जातं आणि वेग वाढायला लागतो. १५२ मात्र इमानदारीत फिरतं. एका फेरीला रिकव्हरीसकट हजार फूट तरी धरा, आणि अशा उंचीवरून सुरू करा की जमिनीपासून ४,००० फुटांच्या वर सगळं आटोपलेलं असेल. सीएफआयसाठीच्या स्पिन ट्रेनिंगला पॅराशूट सक्तीचं नाही.

आणि हो, आधी केबिन रिकामी करा. माझ्या एका विद्यार्थ्याबरोबर पहिल्याच स्पिनमध्ये सीटखालून एक पेन, दोन नाणी आणि चिक्कीचा अर्धा तुकडा वर येऊन विंडशील्डला लागला. पेन कोणाचं माहीत नाही, चिक्की माझी होती.

उजवी सीट

सीएफआयची सगळी मारामारी उजव्या सीटवरून आहे, त्यामुळे विमान निवडताना *उजवीकडे बसून* बघा. इंजिन बंद, हँगरमध्ये, दहा मिनिटं. पाय ब्रेकवर पोचतात का, किंबहुना उजवीकडे ब्रेक आहेत का? जुन्या चेरोकींमध्ये काहींना उजवीकडे टो ब्रेक नाहीत, मधला हँड ब्रेक ओढायचा. डायमंड आणि सायरसचं पुढचं चाक मोकळं फिरणारं असतं, ती विमानं वळतातच ब्रेकवर. मॅग्नेटोची किल्ली डाव्या टोकाला, तिथे हात पोचतो का? स्पीडचा काटा तिरका दिसतो, दोन-तीन नॉटचा फरक पडतो. जी१००० असेल तर तुमच्यासमोर नकाशा आणि विद्यार्थ्यासमोर पीएफडी, मान वाकडी करून शिकवायची सवय करावी लागते.

पायपरला दरवाजा एकच, उजवीकडे. म्हणजे विद्यार्थी आधी आत, तुम्ही शेवटी. प्रॅक्टिकली याचा अर्थ असा की पंखावर उभं राहून तुम्ही बघेपर्यंत त्याने आत कायकाय बटणं दाबलेली असतात.

पहिल्या तीन-चार लँडिंगला नाक तिरकं राहतं आणि टायर किंचाळतात, सगळ्यांचं होतं, लाजू नका. पण आधी शाळेला एक प्रश्न विचारा, उजव्या सीटवरून एकट्याने उडवायची तुमच्या इन्शुरन्सला परवानगी आहे का? बऱ्याच ठिकाणी नाही. मग तो प्रत्येक तास इन्स्ट्रक्टरच्या फीसकट पडतो आणि तुमचं बजेट बदलतं. स्वस्त उपाय म्हणजे रेटिंग करणारा दुसरा एखादा मित्र डावीकडे बसवणं, पण पीआयसी कोण आणि इन्शुरन्सवर नाव कोणाचं ते आधी लिहून ठरवा.

शक्य असेल तर सीएफआय त्याच मॉडेलवर करा ज्यावर पुढे शिकवायची नोकरी मिळेल असं वाटतंय. आजूबाजूच्या शाळांकडे १७२ असतील तर डीए४० एनजी वर सीएफआय करून उपयोग कमी, त्यात डिझेल इंजिन आणि पॉवरचा एकच लिव्हर, मिक्श्चर (इंधन-हवेचं प्रमाण बदलायचा लिव्हर) नाहीच. मग पहिल्या विद्यार्थ्याला लीन करायला शिकवताना तुम्हीच अडखळणार. आणि भारतात येऊन शिकवायचं असेल तर डीजीसीएचं एएफआयआर, एफआयआर (तिथली शिकवायची रेटिंग्ज) हे वेगळं प्रकरण आहे, एफएएचं सीएफआय त्याच्या बदल्यात चालत नाही.

उभं राहिलेलं विमान सगळ्यात महाग

माझ्या स्वतःच्या कमर्शियल चेकराइडचा किस्सा. मंगळवारी परीक्षक येणार. शुक्रवारी मी टॅक (इंजिनाचे तास मोजणारा मीटर) बघितला तर १०० तासांच्या तपासणीला आठ तास बाकी. म्हटलं आरामात आहे. शनिवार-रविवारी दुसऱ्या दोघांनी ते विमान नेऊन साडेसात तास काढले, सोमवारी मला फोन, विमान हँगरमध्ये, कव्हर उघडलेलं. दुसरं विमान शाळेकडे नव्हतंच. परीक्षकाची पुढची तारीख पाच आठवड्यांनी मिळाली, मधे हात गंजू नये म्हणून सहा तास उडवले ते वेगळे. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं. (तपासणीच्या जागेपर्यंत न्यायला १० तासांची सूट असते, पण ती तेवढ्यापुरतीच, त्यात चेकराइड बसत नाही.)

त्यामुळे रेटकार्डच्या आधी हे विचारा: याच मॉडेलची किती विमानं आहेत? दोनपेक्षा कमी असतील तर दहा डॉलर स्वस्त असूनही मी जाणार नाही. मेकॅनिक शाळेचा स्वतःचा आहे की बाहेरचा, आठवड्यातून दोनदा येणारा? स्क्वॉक शीट (बिघाडांच्या नोंदींचा कागद) दाखवा म्हणा. त्यावर एकही तक्रार नसेल तर खूश होऊ नका, एवढं उडणाऱ्या विमानात काहीच बिघडत नाही असं होत नाही, लिहायची पद्धत नाही इतकाच त्याचा अर्थ. "उजवा ब्रेक मऊ" ही नोंद आणि शेजारी दोन दिवसांनी सही दिसली तर शाळा बरी. ॲन्युअल, १०० तास, ट्रान्सपॉन्डर आणि पिटो-स्टॅटिक २४ महिन्यांत, ईएलटीची (अपघातात सिग्नल देणारं यंत्र) बॅटरी, हे सगळं लॉगमध्ये स्वतः शोधून टॅब लावा, चेकराइडला परीक्षक हेच शोधायला लावतो.

भाडं हॉब्सवर (घड्याळी वेळ मोजणारा मीटर) की टॅकवर हेही विचारा. टॅक कमी आरपीएमला हळू पळतो, गर्दीच्या विमानतळावर टॅक्सीत वीस मिनिटं जात असतील तर टॅकवरचं विमान दिसायला महाग असूनही स्वस्त पडतं. फ्युएल इंजेक्टेड १७२ एस दुपारच्या उन्हात गरम इंजिनाने स्टार्ट करायला नाटकं करतं, आणि तुम्ही क्रँक करत बसता.

स्वतःचं विमान दोघा-तिघांत मिळून विकत घ्यायचा विचारही काही जण करतात. विमान तुमचं आणि इन्स्ट्रक्टर फक्त शिकवायला येणारा असेल तर १०० तासांची तपासणी सक्तीची नाही, ॲन्युअल पुरते. पण विकत घ्यायच्या आधीची तपासणी विकणाऱ्याच्या मेकॅनिककडून करून घेऊ नका, आणि इंजिन ओव्हरहॉलचे पैसे पहिल्या तासापासून बाजूला टाकत जा.

मल्टी (दोन इंजिनांचं विमान) शेवटी. भारतात एअरलाइनला जायचंय त्यांना मल्टी-इंजिनशिवाय गत्यंतर नाही, पण सिंगलचे तास पूर्ण आणि लेखी परीक्षा हातात असल्याशिवाय सेमिनोल या दोन इंजिनी विमानाचं बुकिंग करू नका. मधे दोन आठवड्यांचा खंड पडला तर इंजिन फेल्युअरचे ड्रिल्स पुन्हा पहिल्यापासून, आणि तिथे मीटर दोन इंजिनांचं पळतं.

ब्लॉकचे (बऱ्याच तासांचे आगाऊ) पैसे भरायच्या आधी त्या शाळेत एक तास उडवून बघा, शनिवारी सकाळी, जेव्हा सगळ्यात जास्त गर्दी असते. विमान वेळेवर मिळालं का, रॅम्पवर टो-बार शोधायला किती वेळ गेला, आणि परत आल्यावर तुम्ही सांगितलेली तक्रार कोणी लिहून घेतली का, एवढं बघा आणि मग मला फोटो पाठवा.